एका बटणाचा टॉर्च

कोक-सू नदीच्या पलीकडच्या उतारावर दिवा भकाभक मिचकावू लागला तेव्हा उलकान गाईची धार काढत होती. तिने चरवी तशीच सुनेच्या हातात दिली, घोडीवर खोगीर टाकलं आणि ओल्या हातांनीच लगाम धरला. एकदा मिचकावलं तर सगळं ठीक, पुन्हा पुन्हा मिचकावलं तर ये, असं ठरलेलं होतं. आणि हे पुन्हा पुन्हा नव्हतं, हे तर वेड्यासारखं होतं.

भावाचा तंबू समोर दिसत असला तरी मध्ये दरी होती. खाली पुलापर्यंत उतरायचं आणि पलीकडून तेवढंच चढायचं. वाटेत उलकानने भावाला तीन वेळा मनातल्या मनात दफन केलं, रडून घेतलं, आणि वर पोचली तेव्हा ओस्मोनकुल लोकरीच्या नमद्याच्या तंबूच्या दारात मांडी घालून बसला होता. शेजारी चहाची किटली. हातात टॉर्च. तोंड वाकडं.

"काय झालं, आके?" ती घोडीवरूनच थोरल्या भावावर ओरडली.

"मला काय होणार? तू या वेळी कशी आलीस?"

"तू बोलावलंस म्हणून!"

"मी? मी तर ठीक आहे म्हणून सांगितलं. एकदा लावला, एकदा विझवला."

"अरे, शंभर वेळा मिचकावलास!"

"ते त्याने मिचकावलं," ओस्मोनकुल टॉर्चकडे बोट दाखवत म्हणाला. "मी नाही."

उलकानला तिथेच घोडी वळवून परत जायचं होतं. पण आल्या माणसाने नानचा तुकडा मोडल्याशिवाय जायचं नाही ही त्यांच्याकडची रीत. भांडायला आलेल्यालाही ती सुटत नाही. तेव्हा ती उतरली, नान मोडला, चहाचं वाडगं हातात घेतलं, आणि पुढचा तासभर टॉर्चची कर्मकहाणी ऐकत बसली.

टॉर्च ओस्मोनकुलच्या मुलाने, तालायने, शहरातल्या बाजारातून आणला होता. काळा, गुळगुळीत, बोटाएवढा, आणि त्याला एकच बटण. एकदा दाबलं की लागतो, पुन्हा दाबलं की विझतो. इथवर ठीक. पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर मात्र तो त्याचा वेगळाच अर्थ घेतो आणि मिचकावायला लागतो. म्हणजे ओस्मोनकुलने लावला आणि झटकन विझवला, तर त्या शहाण्याने दोन्ही दाबणी एकत्र धरली.

"अशी रीत असते का कुठे?" ओस्मोनकुल म्हणाला. "उद्या मी दार उघडून लगेच लावलं, तर घराने काय पेट घ्यायचा?"

"मग सावकाश दाब ना."

"सावकाश दाबून बघितलं. मग तो काजव्याएवढा लागतो. का, तर म्हणे दाबून धरलं."

"मग लवकर पण नको आणि सावकाश पण नको, असं दाब!"

"तू दाबून दाखव," असं म्हणून त्याने टॉर्च पुढे केला. उलकानने दाबला. तिच्या डोळ्यांत वीज कोसळावी तसा उजेड घुसला आणि पुढचा बराच वेळ तिला भावाच्या जागी हिरवा डाग दिसत होता. त्या डागाला ती जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ओस्मोनकुल हा माणूसच असा होता की त्याच्यावर चिडताना कुठून सुरुवात करावी ते कळायचं नाही. सामूहिक शेतीच्या काळात तो गावाचा वायरमन होता. पायांना लोखंडी आकडे बांधून खांबांवर चढायचा आणि वरून सगळ्या गावाला उपदेश करायचा. गावात वीज त्याने आणली असं त्याचं म्हणणं. वीज काय, सरकारने आणली. याने तारा ओढल्या. पण तेव्हापासून गावातला प्रत्येक दिवा आपल्या मालकीचा आहे असं त्याने धरून ठेवलं होतं. दिवसाढवळ्या कुणाच्या खिडकीत दिवा दिसला की हा बूट न काढता आत शिरणार, दिवा विझवणार, आणि घरच्या बाईला चार शब्द सुनावून बाहेर पडणार. उलकानच्या स्वतःच्या लग्नात, पाहुणे जेवत असताना, "चंद्र वर आलाय, एवढे दिवे कशाला?" म्हणून त्याने अंगणातले निम्मे दिवे घालवले होते. तिच्या सासऱ्याच्या ताटातलं मानाचं मेंढीचं डोकं त्या अंधारात कुणीतरी पळवलं. ते कुणी पळवलं याची चर्चा तिच्या सासरी अजून चालते, आणि दर वेळी बोलणी खाते ती उलकान.

बायको गेल्यावर तो दोन हिवाळे तालायच्या घरी राहिला. तालाय चांगला मुलगा, सूनही चांगली. पण म्हातारा दिवसभर घरातून फिरत बटणं बंद करत सुटायचा. नातवंडं टीव्ही बघत असताना टीव्ही बंद. न्हाणीघरात माणूस असताना न्हाणीघराचा दिवा बंद. एकदा त्याने मांसाचा फ्रीजर बंद केला, आणि अख्ख्या हिवाळ्यासाठी कापलेल्या घोड्याचं मांस गेलं. सून स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरजोरात घासू लागली, ते सगळ्या घराने ऐकलं. त्या वसंतात ओस्मोनकुल म्हणाला, मी आपला मेंढ्या घेऊन कुरणावर जातो. तिथे एकच दिवा, तोही माझा.

तालायला बापाला एकट्याला वर सोडायचं नव्हतं. हृदय कच्चं, गुडघे त्याहून कच्चे, आणि त्या दरीत फोन लागत नाही. शेवटी अट ठरली. पलीकडच्या काठावर आत्या असतेच. रोज संध्याकाळी मेंढ्या कोंडल्या की म्हाताऱ्याने तिला दिवा दाखवायचा. एक संध्याकाळ जरी चुकली तरी मेंढ्या विकायच्या आणि म्हाताऱ्याने गावात येऊन राहायचं, कायमचं. ओस्मोनकुलने होकार दिला. दिवा दाखवणं! वायरमनला! त्याला हसू आलं होतं.

आणि आता हे बटण.

त्या उन्हाळ्यात उलकानने पलीकडे किती फेऱ्या मारल्या ते तिची घोडीच जाणे. एकदा दिवा काजव्यासारखा लागला, तो दरीपलीकडे दिसणार कुठून? दिवा नाही म्हणून ती धावली. एकदा लागलाच नाही. कुठेतरी भराभर चार वेळा दाबलं गेलं आणि टॉर्चने स्वतःला कुलूप घातलं. खिशात चुकून लागू नये म्हणून तशी सोय केलेली असते म्हणे. "माझ्या खिशाची काळजी याला कुणी सांगितली?" ओस्मोनकुल तणतणला. दर वेळी ती दातओठ खात यायची, दर वेळी नान मोडायला लागायचा, आणि दर वेळी भाऊ इतक्या आनंदाने चहा ओतायचा की तिला संशय यायला लागला.

"खरं सांग, आके. मी यावं म्हणून मुद्दाम चुकवतोस ना?"

"तुझं तोंड बघायला मी बटण चुकवीन होय? आरशात बघितलंयस का कधी?"

"मग तो टॉर्च फेक दरीत. माझा घे. पुढे सरकवला की लागतो, मागे सरकवला की विझतो. गाढवालाही जमेल."

"म्हणूनच तुझ्याकडे आहे."

उलकानची सून आनारकुल हे सगळं ऐकून पदराआड हसायची. सुनेने सासरच्या थोरल्या पुरुषांचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, म्हणून ती ओस्मोनकुलला 'चिराकआबा' म्हणायची. चिराक म्हणजे दिवा. संध्याकाळ झाली की ती तंबूबाहेरून सासूला हाक द्यायची, "आपा, चिराकआबांचा दिवा आज पुन्हा बिघडला!" आणि उलकान कपाळावर हात मारायची.

एका दुपारी उलकानने ठरवलं की आज या प्रकरणाचा निकाल लावायचाच. घरातले होते नव्हते तेवढे टॉर्च तिने खोगिराच्या पिशवीत भरले आणि सुनेलाही बरोबर घेतलं. ओस्मोनकुलच्या तंबूत शिरून तिने छतावरच्या धुराच्या भोकावरचा नमदा ओढून घेतला. आत भर दुपारी काळोख झाला.

"आता एकेक लाव," ती म्हणाली. "आणि कुठला चांगला ते तूच सांग. मोठा वायरमन ना तू!"

ओस्मोनकुलला तेवढंच हवं होतं. त्याने बाह्या सरसावल्या.

पहिला उलकानच्या नवऱ्याचा, तो जिवंत असताना दगड तपासायला आलेल्या सरकारी लोकांनी दिलेला. त्यात सेलच नव्हता. मुठीत धरून दांडी दाबत राहायचं. दाबलं की घूं घूं करत उजेड पडतो, थांबलं की विझतो.

"प्रामाणिक आहे," ओस्मोनकुल म्हणाला. "काम करशील तेवढाच पगार. पण मेंढीचं बाळंतपण करताना दुसरा हात कुठून आणायचा?"

दुसरा आनारकुलचा, कपाळाला पट्ट्याने बांधायचा. एकदा दाबला की पांढरा, मग मंद, मग लाल, मग लाल मिचकावणारा, आणि ही सगळी यात्रा केल्यावर बंद.

"म्हणजे विझवायचा तर आधी मिचकावायलाच हवा?"

"हो ना, आबा," आनारकुल म्हणाली. "लाल झाला की गाय लाथ मारते. परवा चरवी उलटली."

"गायीला कळतं, आणि बनवणाऱ्याला कळत नाही!"

तिसरा उलकानचा, पत्र्याचा, 'पांढरं हरीण' छापाचा. हरणाचं एक शिंग घासून गेलेलं. स्विच सरकवला तर काही झालं नाही. उलकानने तो मांडीवर आपटला, मग लागला.

"स्प्रिंग गेलीये याची," ओस्मोनकुल म्हणाला. पण स्विचवरून त्याचा अंगठा दोनदा, तीनदा फिरला. पुढे, मागे. पुढे, मागे. खट, खट. "पण स्विच म्हणावा तर असा. हातमोजे घालूनही कळतं, लागलाय की विझलाय. स्विच बोटाला दिसला पाहिजे, उलकान. हे बटण बोटाला काहीच सांगत नाही. किती वेळा दाबलं, किती वेळ दाबलं, आधी काय होतं, सगळं मीच लक्षात ठेवायचं. मग त्याला कशाला शहाणा म्हणायचं?"

"मग हा घे ना! मी तेच सांगतेय उन्हाळाभर!"

ओस्मोनकुलने टॉर्च तिच्या हातात परत दिला. काळोखात त्याचा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, पण यावेळी तो खरं बोलला.

"तालाय येईल आणि विचारील, मी दिलेला कुठाय. काय सांगू? बापाला बटण जमलं नाही? तो आधीच माझ्याकडे कसा बघतो ते तुला माहीत नाही. फ्रीजरचं झालं तेव्हापासून. म्हातारा चळला, असं म्हणत नाही तो, पण बघतो तसं. हे जमलं नाही म्हटलं की झालं. धरून खाली नेईल."

उलकान उठली. तिने छतावरचा नमदा सरकवला, ऊन आत आलं, आणि तिघंजण टॉर्च घेऊन बसली. सूर्य कलेपर्यंत नुसती दाबादाबी चालली होती. शेवटी आनारकुललाच युक्ती सुचली. बटण टिचकी मारल्यासारखं दाबायचं आणि लगेच बोट उचलायचं. मग मेंढ्या मोजायच्या, एक मेंढी, दोन मेंढ्या, तीन मेंढ्या, आणि मग पुन्हा टिचकी. त्या वेळात टॉर्च जुनं दाबणं विसरतो.

"म्हणजे याला विसराळूपणाचा फायदा," ओस्मोनकुल म्हणाला. पण जमलं.

आधीच्या फेऱ्यांचा बोभाटा मात्र व्हायचा तो झालाच होता. चार दिवसांनी तालाय पीठ आणि साखर घेऊन वर आला तो आत्याच्या तंबूत तोंड पाडून बसला. उलकानच्या रात्रीअपरात्रीच्या फेऱ्या त्याच्या कानावर गेल्या होत्या. कुरणावर कुणाची घोडी कुठे गेली हे लपून राहत नाही.

"आपा, तुम्ही मला दर वेळी सगळं ठीक आहे म्हणून सांगता. आणि इथे तुम्ही या वयात दरी उतरताय!"

"मला चहा प्यावासा वाटला म्हणून गेले."

"त्यांना तो टॉर्च जमत नाहीये. खरं ना?"

"जमतोय. आता जमतोय," उलकान म्हणाली.

"पुढच्या वेळी चुकला तर मी जीप घेऊनच येणार. मग मला कुणी काही सांगायचं नाही." तालाय उठला. तो वाईट मुलगा नव्हता, आणि हेच उलकानला जास्त टोचत होतं. वाईट असता तर सरळ भांडता आलं असतं.

त्यानंतर मात्र काय वर्णावं! पुढचा पंधरवडाभर रोज संध्याकाळी पलीकडे एकच दिवा, स्वच्छ, तीन मेंढ्यांएवढा, आणि मग अंधार. उलकान आपला पत्र्याचा टॉर्च मांडीवर आपटून उत्तर द्यायची. सगळं ठीक. दुसऱ्या दिवशीही ठीक. घोडी चरून चरून जाडजूड झाली. उलकानची मात्र चिडचिड काही कमी होईना. आता कशावर चिडायचं तेच कळत नव्हतं. नानचा तुकडा मोडायला पलीकडे जायचं तर कारण हवं, आणि भावाने कारणच ठेवलं नव्हतं.

मग कोकरांची लोकर कातरायच्या आठवड्यात एका संध्याकाळी दिवा लागला, विझला. पुन्हा लागला, विझला. सावकाश, सारख्या अंतराने, कंटाळलेल्या माणसाने जांभया द्याव्यात तसा. हा नेहमीचा वेडा मिचका नव्हता. हे नवीनच काहीतरी होतं.

"आपा, चिराकआबा—"

"बघितलं!" उलकान खेकसली. "नवीन खोड सापडली असेल त्याला. दाबलं असेल आणखी कुठेतरी. बसू दे आता मोजत मेंढ्या!"

पुन्हा पुन्हा म्हणजे ये, असं ठरलेलं होतं खरं. पण त्या ठरण्यावर विश्वास ठेवून तिने अख्खा उन्हाळा पाठ मोडून घेतली होती. तिने आपला टॉर्च दोनदा दाखवला, म्हणजे पुरे, कळलं. पलीकडचा दिवा तसाच. ती आत गेली. आनारकुलने शेवयांचं गरम सूप वाढलं. उलकान जेवायला बसली, पण दाराच्या फटीतून तो उजेड दिसतच होता. लागला. विझला. लागला. विझला.

"अजून चालूच आहे," आनारकुल म्हणाली.

"असू दे. विझवता येत नसेल. सेल संपला की आपोआप थांबेल."

हे बोलताबोलता उलकानचा हात थांबला. सेल संपला की? ओस्मोनकुल सेल संपू देईल? बातम्या झाल्या की हा रेडिओतून सेल काढून ठेवणारा माणूस. टॉर्च विझेना तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याने काय केलं होतं? मागचं झाकण फिरवून सेलच बाहेर काढला होता आणि हातात धरून तिला दाखवला होता. लग्नातले दिवे घालवणारा, लोकांच्या घरात बुटांसकट शिरणारा हा माणूस, जेवणाच्या वेळेपर्यंत फुकट जळणारा दिवा नुसता बघत बसेल? झाकण फिरवायला दोन हात लागतात.

वाडगं तिच्या हातून निसटलं. सूप सगळं नमद्यावर सांडलं.

"वरच्या मेंढपाळांच्या छावणीत जा," ती सुनेला म्हणाली. "त्यांच्याकडे जीप आहे. सांग, ओस्मोनकुलच्या तंबूकडे या." तिने सुनेसमोर भावाचं नाव घेतलं तसं आनारकुलने आधी मान खाली घातली आणि मग ती धावतच सुटली.

त्या वाटेने उलकान कधी इतक्या वेगाने उतरली नव्हती. या वेळी तिने भावाला मनात दफन केलं नाही. तेवढी हिंमत नव्हती. ती फक्त समोर बघत होती. लागला की तिचा श्वास सुटायचा, विझला की अडायचा.

ओस्मोनकुल मेंढ्यांच्या वाड्याच्या भिंतीशी पडला होता. कोकरू पलीकडे अडकलं म्हणून भिंतीवर चढला, आणि दगडासकट खाली आला. डावा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळलेला. उजवा हात अंगाखाली अडकून सुजलेला. डाव्या हातात टॉर्च, छातीवर धरलेला. लागत, विझत.

"आके!"

"आलीस?" त्याने टॉर्च पुढे केला. "आधी तो बंद कर. केव्हाचा जळतोय. डाव्या हाताने दाबत गेलो, दाबत गेलो, कुठलं काय लागलं कळेना. हे असलं पण आहे त्यात, मला माहीतच नव्हतं. बंद कर, सेल जाईल."

उलकान त्याच्या डोक्याशी बसली. तिला रडू येत होतं आणि रागही, दोन्ही एकदम.

"मला वाटलं तू परत चुकलास," ती म्हणाली. "मी जेवायला बसले होते, आके. तू इथे पडला होतास आणि मी सूप पीत होते."

"बरोबर आहे. मीही बसलो असतो." त्याने मान तिच्याकडे वळवली. "मग आलीस कशी?"

"तू दिवा फुकट जाळत होतास. तू?"

ओस्मोनकुल हसायला गेला, पण पायातून कळ आली आणि ते हसू कण्हण्यात गेलं. डोळ्यांतून पाणी मात्र आलं, ते पायामुळे की कशामुळे ते तिने विचारलं नाही. टॉर्च विझवायचं त्याने पुन्हा सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदाच त्याचं ऐकलं नाही. तिने तो वाड्याच्या भिंतीवर उंच ठेवून दिला. वरच्या छावणीतली जीप तो बघत बघतच तिथवर आली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर झालं, हाताला पट्टी, आणि म्हातारा तालायच्या घरी, खिडकीजवळच्या पलंगावर जाऊन पडला. आठवड्याने उलकान किमिझची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कातडी पिशवी घेऊन वरच्या छावणीच्या जीपने खाली गावात उतरली. उन्हाळ्यात ती कधी खाली येत नसे. तालायने तिला मानाच्या जागी बसवलं, चहा दिला, आणि घसा साफ केला.

"आपा, आता पुरे झालं. आपलं ठरलं होतं."

"काय ठरलं होतं? बोल, बोल. मला नीट ऐकू दे."

"रोज संध्याकाळी दिवा दाखवायचा. एक जरी संध्याकाळ चुकली तर खाली यायचं."

"मग कुठली चुकली?"

तालाय गोंधळला. "आपा, त्यांचा पाय मोडला."

"पायाचं काही ठरलं नव्हतं. दिव्याचं ठरलं होतं. त्या संध्याकाळी तुझ्या बापाने दिवा दाखवला की नाही? एकट्या मला नाही, सगळ्या खोऱ्याला दाखवला. डाव्या हाताने दाखवला. तुझ्याच टॉर्चने, ज्याचं बटण शिकवायला तू एक दिवस वर थांबला नाहीस. प्लास्टर निघेपर्यंत तो माझ्या तंबूत राहील. माझ्या डोळ्यांसमोर, दरीपलीकडे नाही. पुढचं पुढे."

तालायने चहाचं वाडगं खाली ठेवलं आणि पुढे सरकला. पण तेवढ्यात खोलीतला दिवा गेला, आणि त्यापाठोपाठ स्वयंपाकघरातून सुनेची किंकाळी आली, "फ्रीजर! परत फ्रीजर!" कुबडी टेकत टेकत ओस्मोनकुल दारात उभा होता, मुख्य स्विचपाशी.

"दिवस आहे अजून," तो म्हणाला. "एवढी वीज कशाला?"

सुनेने स्वतःच त्याची गादी गुंडाळली आणि जीपमध्ये नेऊन ठेवली, वर दोन उशा जास्तीच्या दिल्या. निघताना सगळ्यांनी नानचा तुकडा मोडला. तालाय घरात गेला आणि नवा टॉर्च घेऊन आला. पत्र्याचा, जाड, सरकवायच्या स्विचचा. बापासाठी मुद्दाम शोधून आणला होता त्याने. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या.

ओस्मोनकुलने तो डाव्या हातात घेतला. अंगठ्याने स्विच पुढे सरकवला, मागे सरकवला. खट. खट. त्याने मुलाकडे बघितलं, बराच वेळ.

"याला म्हणतात स्विच," तो म्हणाला. "छान आणलास." आणि टॉर्च त्याने उलकानच्या मांडीवर ठेवला. "हा तू घे. तुझ्याची स्प्रिंग गेलीये."

"आणि तू? प्लास्टर निघालं की पलीकडे जाशील, तेव्हा?"

ओस्मोनकुलने खिशातून तो काळा, गुळगुळीत, एका बटणाचा टॉर्च काढला आणि सदऱ्याला पुसला.

"मला हाच बरा. तो पंधरवडा हा नीट चालला, तर कुत्रंही फिरकलं नाही माझ्याकडे."

उन्हाळाभराची एकेक फेरी उलकानच्या अंगातून गेली. ओले हात, तो पूल, तो चढ, तो चहा. तिने त्याला सुनावायला तोंड उघडलं. मग तिने जीपचं दार आपटून लावलं आणि ड्रायव्हरवर ओरडली, की बघत काय बसलास, धारेची वेळ झाली.